हिरव्या पट्टीचे उंदीर

मी खोलीत शिरलो की उंदीर उभे राहायचे. हेडमास्तर वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात ना, तसे मागच्या दोन पायांवर, मिशा ताठ करून. कोथरूडच्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात मी एकतीस वर्षं काढली. या काळात लाखभर उंदीर माझ्या हातून गेले असतील आणि त्यातला एकही मला चावला नाही. चावले ते दोन प्राचार्य.

माझं काम कागदावर साधं होतं. खाणं-पाणी बघायचं, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, खोलीचं तापमान वहीत लिहायचं. पण पीएच.डी. करायला येणाऱ्या पोरापोरींना उंदीर धरायचा कसा हे पुस्तकात सापडत नाही. ते माझ्याकडेच यायचे. पांढऱ्या कोटातली सहा फुटी मुलं हातात उंदीर घेऊन थरथरताना मी पाहिली आहेत. कोण कुणाला घाबरतंय हे उंदरालासुद्धा कळायचं नाही.

निवृत्तीला पाच वर्षं उरली होती तेव्हा अमरावतीकडची एक मुलगी आली. अंगानं काडी, आवाजानं तुतारी. तिचा विषय ऐकून मला हसू आलं. तिला नसांच्या दुखण्यावर उतारा शोधायचा होता, आणि तोही हिस्टामिनच्या वाटेनं. हिस्टामिन म्हणजे शिंका येतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्या ज्याच्यामुळे उठतात तो पदार्थ. त्याच्या विरोधातली गोळी घेऊन निम्मं पुणं वर्षातले तीन महिने पेंगत असतं.

"अगं, चोरालाच वॉचमन नेमतेस का?" मी म्हणालो.

"काका, हिस्टामिन एकच आहे, पण त्याची दारं चार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही एकाच दारातून पाहून राहिले."

मग तिनं कॅन्टीनच्या टेबलावर चार कप मांडून मला जे सांगितलं ते मी नंतर इतक्या जणांना सांगितलं, की आता ते माझंच संशोधन वाटतं. शरीरात हिस्टामिन कुठल्या दारावर थाप मारतं यावर सगळं ठरतं. पहिलं दार नाकात, कातडीत, नसांच्या टोकांवर. तिथे थाप पडली की खाज, सूज, आग. दुसरं दार पोटात, तिथे आम्ल वाढतं. चौथं दार रक्तातल्या शिपाई पेशींवर. आणि तिसरं दार मेंदूत आणि पाठीच्या कण्यात, एका मज्जातंतूच्या टोकाशी. हे तिसरं दार म्हणजे ब्रेक आहे. त्यावर थाप पडली की तंतू म्हणतो, बास झालं, आता काही सोडायचं नाही. हिस्टामिन तर सोडायचं नाहीच, पण दुखणं दाबणारे जे इतर निरोप तो धाडत असतो तेही नाहीत. आता हा ब्रेकच कुणी अडवून धरला तर? कण्यातून शरीराचा स्वतःचाच दिलासा वाहायला लागेल. कातडीत आग लावणारा पदार्थ कण्यात आग विझवतो. गावात उंडारणारा जावई सासुरवाडीला गेला की मान खाली घालून वरणभात खातो, त्यातलाच प्रकार.

मी हसायचा थांबलो, कारण माझ्या घरात अशीच आग लागलेली होती. माझी बायको लोणी काळभोरची. उसाच्या फडातून अनवाणी चालत शाळेला गेलेली बाई, पण साखरेनं तिच्या पायांच्या नसा धरल्या आणि तिला पायांवर पातळ चादर पडली तरी सहन होईना. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर तळवे गार भिंतीला टेकवून बसायची.

"आवं, तव्यावर हुबी हाय मी," ती म्हणायची. "तुमच्या उंदरांला इचारा काय औषद हाय का."

डॉक्टरांनी झोपताना घ्यायची एक गोळी दिली होती. तिनं जळजळ अर्ध्यावर यायची, पण बाई दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत डुलायची. भाजीत मीठ तीनदा पडायचं. त्या मुलीनं एकदा आमच्या घरी येऊन गोळीचं नाव वाचून सांगितलं, की ही गोळी इतर कामांबरोबर हिस्टामिनचं पहिलं दारही बंद करते, झोप येते ती त्यानंच. बायकोनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पोरी, तू तिसऱ्या दाराचं लवकर बघ."

तर प्रयोग असा होता. बत्तीस पांढरे उंदीर. भूल देऊन प्रत्येकाच्या मांडीतल्या नसेभोवती सैल गाठ बांधलेली, म्हणजे माझ्या बायकोसारखं दुखणं. उंदीर जाळीवर उभा करायचा आणि खालून तळव्याला नायलॉनचा केस टोचायचा. केसांचा अख्खा संच असतो, बारीकपासून जाडपर्यंत. धडधाकट उंदराला जाडा केस टोचला तरी तो माझ्याकडे बघून मिशी हलवतो. नस दुखावलेला उंदीर सगळ्यात बारीक केसालाही पाय झटकतो, वर धरतो, चाटत बसतो. औषध दिल्यावर कितव्या केसाला पाय झटकला ते लिहायचं, रोज, एकवीस दिवस.

आठ-आठचे चार गट केले आणि त्यांना रंग दिले. पिंजऱ्यावर रंगीत पट्टी, उंदराच्या शेपटीवर त्याच रंगाच्या शाईचं कडं. एका रंगाला नुसतं मिठाचं पाणी, एकाला बाजारात मिळणारं जुनं औषध, एकाला तिसरं दार अडवणारं नवं औषध आणि एकाला नवं औषध देऊन वर तेच दार पुन्हा उघडणारं दुसरं काहीतरी. या शेवटच्या गटात उतार पडला नाही तरच म्हणता येईल, की गुण त्या दाराचाच. संशय नको म्हणून सगळ्यांना दोन-दोन सुया. आणि कुठला रंग म्हणजे काय हे सुई देणाऱ्या, केस टोचणाऱ्या मुलीला कळता कामा नये. कळलं की डोळे बेइमान होतात. पाय झटकला की नुसता हलला, हे ठरवताना मन औषधाच्या बाजूनं झुकतं.

मग रंग ठरवून सिरिंजा भरायच्या कुणी? मुलीच्या गाईड मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"यांना सांगा," त्या म्हणाल्या.

मुलगी दचकली. "मॅडम, काकांच्या पोटात काही राहत नाही."

"म्हणूनच. यांनी सांगितलं तरी कुणी खरं मानत नाही. यापेक्षा सुरक्षित तिजोरी कॉलेजकडे नाही."

याला मी कौतुक समजलो. रंगांची यादी केली, पाकिटात घातली, सील करून मॅडमच्या कपाटात ठेवली. लाल म्हणजे पाणी, निळा म्हणजे जुनं औषध, हिरवा म्हणजे नवं, पिवळा म्हणजे नवं आणि त्याचा उतारा. जगात हे मला एकट्यालाच माहीत होतं. मॅडमनी जाता जाता एवढंच सांगितलं, की प्राण्यांच्या समितीनं बत्तीसच उंदरांची परवानगी दिली आहे, तेहतिसावा मिळणार नाही. गुपित फुटलं तर मुलीची तीन वर्षं गेली आणि बत्तीस जीव फुकट दुखले.

मी गुपित माझ्या पद्धतीनं सांभाळलं. ते झाकलं नाही, त्याच्यावर ढीग घातला. कॅन्टीनवाल्याला सांगितलं लाल रंग म्हणजे औषध. ग्रंथपालबाईंना निळा. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, की चारही रंगांत औषध आहे, पाचव्या अदृश्य रंगात पाणी आहे. दहा दिवसांत कॉलेजात या विषयावर दोन तट पडले आणि एका प्राध्यापकांनी दुसऱ्याशी चहाची पैज लावली. मुलीच्या कानावर सगळंच यायचं आणि ती हसून सोडून द्यायची. इतकं बेमालूम गुपित कुठल्या सरकारनं ठेवलं नसेल.

अकराव्या दिवशी घरी आलो तर बायको बाथरूममध्ये बादलीत पाय घालून बसली होती. रडत नव्हती. ती रडणाऱ्यातली नाही. बादलीत बर्फाचा एक तुकडा उरला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी तिच्या शेजारी पाट घेऊन बसलो आणि खरं ते सांगून टाकलं. म्हणालो, "हिरव्या पट्टीचे उंदीर बघ, हिरव्या. पाय टेकून चालायला लागलेत. तुझं औषध येतंय."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी खरं कधी बोलतो हे ओळखणारी ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी रविवार. उंदरांना रविवार नसतो, म्हणून मुलगी सकाळी कॉलेजात येऊन रीडिंग घेऊन गेली आणि दुपारी आमच्याकडे जेवायला आली. हॉस्टेलच्या जेवणावर ती आणखी वाळली होती. बायकोनं भरल्या वांग्यांचा बेत केला होता. पाय जळत असताना ओट्याशी उभं राहून केला होता. पोरीच्या ताटात दुसरी भाकरी टाकता टाकता ती प्रेमानं म्हणाली, "तुझा हिरवा लई गुणाचा हाय म्हणं. देवानं हाताला यश दिलं गं."

मुलीचा घास हातातच राहिला.

"काकू," ती हळू म्हणाली, "हे तुम्हाला कोणं सांगितलं?"

मी लगेच मध्ये पडलो. "काय ऐकतेस हिचं. हिरवा म्हणजे पाणी. साधं मिठाचं पाणी. हिला मी उगाच…"

"काका, थांबा." तिनं घास ताटात ठेवला. "तुम्ही औषध म्हणा, नाही तर पाणी म्हणा. आता हिरवा उंदीर जाळीवर आला की माझा हात काहीतरी ठरवूनच येईल. मी कोरी नाही राहिली."

बायकोला चूक कळली नव्हती, पण चूक झाली आहे हे कळलं. ती म्हणाली, "पोरी, म्या काय वाईट बोलले का?"

"नाही काकू. तुम्ही चांगलंच बोलल्या. तेच तर झालं." आणि तिनं ताटातलं सगळं संपवलं, कारण काकूंनी उभं राहून केलं होतं. जाताना जिन्यात चपला घालताना तिनं मला विचारलं, "काका, नऊ दिवस राहिले. काय करू?"

त्या क्षणी माझ्याकडे तिला द्यायला अठरा गोष्टी होत्या. एकही उपयोगाची नव्हती.

सोमवारी धायरीच्या पुलाखालच्या गर्दीतून स्कूटर अशी काढली की शेजारच्या बसचा ड्रायव्हर अजून तोंड उघडं ठेवून बसलेला असेल. मॅडमच्या आधी मी त्यांच्या केबिनपाशी होतो. सगळं सांगितलं, बादलीपासून वांग्यापर्यंत.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सांगताय म्हणजे थापच असणार."

"खरं आहे, मॅडम."

"नक्की? मी बरीच आशा धरून विचारतेय."

मी मान खाली घातली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "आजची सुई किती वाजता?"

"अकराला."

"म्हणजे पावणेतीन तास आहेत. रंग पुसून टाका."

त्यांनी सांगितलं आणि मी केलं. मुलीला ग्रंथालयात बसवलं. बत्तीस शेपट्यांवरची कडी स्पिरिटनं पुसली. कॅन्टीनमधून बिस्किटांचा रिकामा डबा आणला, त्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्या उंदराला जो आकडा निघाला तो काळ्या शाईनं शेपटीवर लिहिला. पिंजऱ्यावरच्या पट्ट्या सोलल्या. सोळा पिंजरे होते, प्रत्येकात दोन उंदीर. जोड्या मोडल्या नाहीत, कारण नव्या शेजाऱ्याशी उंदीर भांडतो. सोसायटीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण पिंजरे सगळे समोरच्या मांडणीवर नेले आणि तिथेही चिठ्ठ्या टाकूनच जागा दिली. पांढरा उंदीर पांढऱ्या उंदरासारखाच दिसतो. मला प्रत्येकाचा चेहरा वेगळा ओळखता येतो, पण ते माझं झालं. मुलीला ते बत्तीस अनोळखी उंदीर होते. अकराला तिनं पहिला उचलला, शेपटी वाचली, जाळीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता केस उचलला.

नवी यादी पुन्हा मीच केली होती, दुसरं कोण करणार. मॅडमनी अट घातली, नऊ दिवस उंदरांबद्दल कुणाशी चकार शब्द नाही. मला स्वतःचा भरवसा नव्हता. एका विषयावर गप्प बसायचं आणि बाकीच्यांवर बोलायचं हा संयम माझ्यात नाही, म्हणून मी बोलणंच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवाल्यानं न मागता हळदीचं दूध पाठवलं. तिसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः प्राणिगृहात आले. उंदीर उभे राहिले नाहीत, पण प्राचार्य माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "रजा घ्या, घ्या." सिंहगड रस्त्याला सिग्नलवर एकानं गाडी घासून मलाच चार शब्द ऐकवले. मी नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो. त्यानं आधी आवाज उतरवला, मग माफी मागितली, मग माझी स्कूटर पुसून दिली. घरी बायकोला पहिले दोन दिवस सण वाटला. पाचव्या दिवशी तिनं लोणीला भावाला फोन लावला, "दादा, ह्यांचं काय खरं न्हाय, जरा येऊन जा." भाऊ आला, माझ्यासमोर तासभर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात त्याचं बोलणं पूर्ण झालं.

एवढ्या दिवसांत बायकोनं मला रंगाचं एका शब्दानं विचारलं नाही. फक्त एकदा तळव्यांना खोबरेल लावत म्हणाली, "पोरीचं नुकसान व्हायला नगं. माझं काय, जळत्यात तर जळत्यात."

एकविसावा दिवस झाला. मॅडमच्या टेबलावर मुलीच्या दोन वह्या, बाराव्या दिवसापर्यंतची रंगांची आणि पुढची आकड्यांची. मी जुनं पाकीट फोडलं, नवी यादी ठेवली. मुलगी आकडे वाचत गेली, मॅडम कागदावर ठिपके देत गेल्या, जितका जाडा केस उंदरानं सोसला तितका ठिपका वर. लाल रेघ तळाशी सरपटत राहिली. निळी चढली. हिरवी निळीच्या किंचित खाली, पण तिच्याबरोबरच चढली, आणि मुलीच्या नोंदीत निळ्या गटासारखं पेंगणं हिरव्यात नव्हतं. पिवळी थोडी उठली आणि परत बसली, म्हणजे दार उघडलं की गुण गेला. आणि बाराव्या दिवसाच्या अलीकडची रेघ पलीकडच्या रेघेला जिथे मिळत होती तिथे ना पायरी होती ना वळण.

मुलीनं रेघेवरून बोट फिरवलं, दोनदा.

मी त्याच संध्याकाळी बायकोला म्हणालो, की जमलं. तिनं विचारलं, "मग गोळी कवा?" मी सांगितलं, की उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता पुण्याच्या रस्त्यांसारखा आहे, आठ ठिकाणी खणलेला. तिला गोळी मिळेलच असं नाही. "मिळंल कुणाला तरी," ती म्हणाली आणि पाय भिंतीला टेकवले.

खरी परीक्षा वर्षभरानं झाली. पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, मी मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक प्रबंधाचं एक पान बोटानं धरून होते.

"हा परिच्छेद काय आहे? 'बाराव्या दिवशी प्राणिगृह सहायकाकडून गटाची ओळख उघड झाली.' हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं. आता मला सांगा, मी तुमच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?"

मुलीनं पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"बाराव्या दिवसापर्यंत मला काही माहीत नव्हतं, सर. तेराव्यापासून उंदीर ओळखू येत नव्हते. मी दोन्ही भाग वेगळे मोजले आहेत, दोन्ही एकच सांगतात. तरी माझा निष्कर्ष मी फक्त पहिल्या भागावर मांडला आहे. दुसरा भाग काढून टाकला तरी प्रबंध पडत नाही."

परीक्षकांनी पान उलटलं नाही. "हे सहायक आहेत का इथे?"

मी उभा राहिलो. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"तुम्हाला सगळे रंग पहिल्यापासून माहीत होते. उंदरांकडे बघून तुम्हाला काय दिसत होतं?"

आयुष्यात इतका मोठा श्रोतृवर्ग मला कधी मिळाला नव्हता. माझ्या जिभेवर एक सिंहासारखा उंदीर आला होता. मी त्याला परत पाठवला.

"साहेब, मला हिरवे उंदीर बरे दिसत होते. लाल आजारी दिसत होते. पण औषध सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच, पट्ट्या लावल्या तेव्हापासून. तोवर एकालाही सुई दिली नव्हती."

हॉल हसला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मुलीला विचारलं, "हे प्रबंधात आहे?"

"नाही, सर. मला आजच कळलं."

"याच परिच्छेदाखाली लिहा. रंग लपवावे का लागतात याचं इतकं चांगलं कारण मी वाचलेलं नाही. एवढी एकच दुरुस्ती. बाकी काही नाही." आणि त्यांनी सही केली.

दुपारी कॅन्टीनमध्ये मुलीनं लॅपटॉप उघडला. आता ती डॉक्टर झाली होती, तरी मला काकाच म्हणत होती. "सांगा काका, शब्दशः घेते. किती दिवस आधी?"

"आठ घाल," मी म्हणालो. "आठ दिवस आधीपासून बरे दिसत होते. त्यातला एक तर नाचत होता."

तिनं हात कीबोर्डवर तसेच ठेवले आणि वाट बघत राहिली. चहा निवत होता. कॅन्टीनवाला कान देऊन उभा होता.

"एक," मी म्हणालो. "एक दिवस."

तिनं टाइप केलं.